दोन चमचे पाणी

टेलरबाई: या कोटाला काहीही झालेलं नाही, बाई. उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरून पाहिला. अस्तर धड आहे, काखेतली शिवण धड आहे. काय दुरुस्त करू यात?

मॅडम: बाह्या जरा लांब वाटतात.

टेलरबाई: वाटणारच. गेल्या मंगळवारी तुम्हीच त्या अर्धा इंच सोडून घेतल्यात. आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी तुम्हीच आखूड करून घेतल्या होत्यात. माझी गंमत चालवली आहे का?

मॅडम: नाही हो. गंमत कशाला करीन.

टेलरबाई: मग काय ते बोला. पस्तीस वर्षं या मशीनवर बसते आहे मी. माणूस शिवायला आलंय की बोलायला, ते दारातच कळतं मला. तुम्ही दोनदा आलात आणि दोनदा न बोलता गेलात.

मॅडम: बसू का मी?

टेलरबाई: बसा की. ते शाळेचे शर्ट सरकवा तिकडे. जपून, टाचण्या आहेत त्यात. आणि हे बघा, घर विकत घ्यायचं मनात असेल तर घर माझं नाही, भाड्याचं आहे. लेकीसाठी स्थळ आणलं असेल तर ती छत्तीस वर्षांची आहे आणि तिला लग्न करायचं नाही. तसं ती तुम्हाला तोंडावर सांगेल, मला मध्ये घेऊ नका.

मॅडम: छत्तीस... म्हणजे मुलगी झाली तुम्हाला.

टेलरबाई: झाली म्हणजे? मला काही व्हायचं होतं हे तुम्हाला काय ठाऊक?

मॅडम: पाचवा महिना होता. वॉर्डाच्या दाराशी एक लाकडी बाक होतं. तुमचे पाय सुजायचे, म्हणून चपला काढून बसायचात तिथे.

टेलरबाई: थांबा. मशीन बंद करते... कोण तुम्ही?

मॅडम: मी तेव्हा त्या हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर होते. पुरुषांच्या वॉर्डात. तुमचे यजमान खिडकीपासून दुसऱ्या कॉटवर होते.

टेलरबाई: त्या बारीकशा? वेणी घालायच्या त्या?

मॅडम: हो.

टेलरबाई: अगं बाई! तुम्ही मला एक स्टूल आणून दिलं होतंत. म्हणालात, पाय वर घेऊन बसा, नाहीतर आणखी सुजतील. त्या आख्ख्या इमारतीत तेवढं एकच माणूस माझ्याशी माणसासारखं बोललं होतं. कुठे होता इतकी वर्षं? ओळखलंच नाही मी. केस किती पिकलेत तुमचे.

मॅडम: स्टुलाचं मला आठवत नाही.

टेलरबाई: मला आठवतं ना. चहा टाकू?

मॅडम: नको. आधी माझं ऐका. चहा मग द्यावासा वाटला तर द्या. बहुधा वाटणार नाही.

टेलरबाई: असं कोड्यात नका बोलू. दुपारी माझं डोकं चालत नाही.

मॅडम: त्या दिवशी जे झालं, त्याला प्रतिकूल घटना असं म्हटलं जातं. म्हणजे उपचारादरम्यान, कुणाचाही तसा उद्देश नसताना...

टेलरबाई: बाई, मी सातवी झालेली आहे. सरळ बोला.

मॅडम: सरळच बोलायला हवं. बरोबर आहे तुमचं. तुमच्या यजमानांचं आतडं अडकलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. दोन दिवस उलट्या होऊन अंगातला एक क्षार फार कमी झाला होता. पोटॅशियम म्हणतात त्याला. तो भरून काढायला औषध असतं. ते सलाईनच्या बाटलीत मिसळून सावकाश द्यायचं, चार-पाच तास लावून. ट्रेमध्ये काचेच्या दोन कुप्या शेजारीशेजारी होत्या. एकीत साधं मिठाचं पाणी, सलाईनची नळी मोकळी करायचं. दुसरीत हे औषध. मी मिठाचं पाणी समजून दुसरी कुपी सिरिंजमध्ये भरली आणि सगळं एकदम शिरेत सोडलं.

टेलरबाई: मग?

मॅडम: ते औषध असं एकदम गेलं की हृदय थांबतं. मिनिटाच्या आत. आम्ही पाऊण तास छाती दाबत होतो. काही उपयोग झाला नाही. मी चोवीस वर्षांची होते. तीस तास सलग ड्यूटीवर होते. हे कारण म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतेच आहे, पण तुम्ही ते धरू नका.

टेलरबाई: किती वाजले होते?

मॅडम: सव्वाचार.

टेलरबाई: भेटायची वेळ चारला संपायची. घंटा वाजवायचे.

मॅडम: हो. घंटा झाली, नातेवाईक बाहेर गेले, आणि मी ट्रे घेऊन आत आले.

टेलरबाई: सव्वाचार. मी तर तीन-वीसला दिलं होतं. समोर भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून माहीत आहे. तीन-वीसला दिलं आणि चार वाजेपर्यंत ते चांगले बोलत होते माझ्याशी. तेव्हापासून हाच हिशेब करते आहे मी, की मग मधल्या वेळात काही झालं कसं नाही.

मॅडम: तुम्ही...

टेलरबाई: पाणी दिलं होतं मी. ओठांच्या साली निघाल्या होत्या त्यांच्या. सारखं म्हणत होते, घोटभर दे, घोटभर दे. कॉटला पाटी लावलेली होती, तोंडाने काही देऊ नये. मला वाचता येत होतं. न वाचता दिलं असतं तर निदान अडाणी म्हणून सुटले असते. वाचून दिलं. नर्सबाई पलीकडे वळली आणि चमच्याने दिलं. दोन चमचे. तिसरा भरला आणि भीती वाटली, म्हणून तो मीच प्यायले.

मॅडम: मला...

टेलरबाई: थांबा, बोलू द्या. मग तुमचे मोठे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, गेले. मी तिथेच, सगळ्यांच्या देखत म्हटलं, डॉक्टर, मी त्यांना पाणी दिलं हो. आणि ते काय म्हणाले, माहीत आहे? "हं." एवढंच. हं म्हणाले आणि चालू लागले. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी त्या "हं"चा जो अर्थ लावायचा तो लावला. मीही तोच लावला.

मॅडम: बाई, पाण्याने नाही झालं ते.

टेलरबाई: परत सांगा.

मॅडम: पाण्याने नाही झालं. दोन चमच्यांनी काय होतंय? तुम्ही पेलाभर दिलं असतंत तर उलटी झाली असती, फार तर ऑपरेशन थोडं पुढे गेलं असतं. माणूस गेला नसता.

टेलरबाई: शपथेवर?

मॅडम: शपथेवर.

टेलरबाई: सासूबाई गेल्या उन्हाळ्यात गेल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या होऊन. शेवटपर्यंत माझ्याकडेच होत्या. दिरांनी नेलं नाही, नणंदेने नेलं नाही. त्यांचं अंथरूण मी काढलं, न्हाऊ-माखू मी घातलं. जेवायच्या माझ्या हातचं. पाणी नाही प्यायल्या कधी. उठून स्वतः घ्यायच्या. उठवेनासं झालं तेव्हा नात यायची वाट बघायच्या. शेवटच्या दिवशी लेक कामावर होती. मी चमचा नेला ओठांशी. ओठ घट्ट मिटून घेतले त्यांनी. डोळे माझ्याकडे आणि ओठ मिटलेले. गेल्या उन्हाळ्यात, बाई. वर्षभर आधी आला असतात तर?

मॅडम: हो.

टेलरबाई: हो काय? नुसतं हो काय म्हणता?

लेक: आई, जेवायचं झालं का तुझं? आज दुकानात गर्दी, अर्धा तासच सुट्टी... काय झालं? मशीन बंद का? तू रडते आहेस?

टेलरबाई: नाही गं. बस तू.

लेक: बस काय? या कोण?

टेलरबाई: तुझे बाबा गेले तेव्हा या तिथे डॉक्टर होत्या. सांगा हो हिला. मला सांगितलंत तसंच सांगा, कुप्यांपासून. माझ्याच्याने नाही होणार.

मॅडम: तुमच्या वडिलांना मी चुकीचं इंजेक्शन दिलं. बाटलीत मिसळून द्यायचं औषध थेट शिरेत दिलं. त्यांचं हृदय बंद पडलं ते त्यामुळे.

लेक: काय?

टेलरबाई: पाण्याने नाही गं ते.

लेक: आई, मी तुला हजारदा सांगितलं होतं. दोन चमचे पाण्याने माणूस मरत नसतो.

टेलरबाई: तू चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतेस. तुझं कसं खरं मानू?

लेक: आणि यांचं मानलंस?

टेलरबाई: त्या तिथे होत्या.

लेक: मॅडम, एक विचारू? पाण्याचं तुम्हाला कधी कळलं? आता, आईने सांगितल्यावर? सोपा प्रश्न आहे.

मॅडम: नाही. तेव्हाच कळलं होतं.

टेलरबाई: तेव्हाच म्हणजे?

मॅडम: त्याच दिवशी. आमच्या सरांनी केसपेपरवर शेवटची नोंद लिहिली. रुग्णाच्या नातेवाईकांनी सूचनेविरुद्ध तोंडावाटे पाणी दिले असे समजते. त्यानंतर अचानक प्रकृती बिघडली. इंजेक्शनचा उल्लेखच नव्हता. त्यांनी मला बोलावलं, पेन पुढे केलं, आणि म्हणाले, आयुष्य पडलंय तुझं, सही कर. मी वाचलं. आणि सही केली.

टेलरबाई: म्हणजे तुम्हाला माहीत होतं, की मी...

मॅडम: तुम्हीच दिलं असणार, एवढं कळत होतं. बाकावरून वॉर्डात तुम्हीच जायचात. पण ते घरी तुमच्या डोक्यावर बसेल, इतकी वर्षं बसेल, हे... हेही कळलं असणार. मी त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं.

लेक: वा.

टेलरबाई: मी तुम्हाला स्टुलासाठी दुवा दिली आहे, बाई. तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. कितीदा तरी म्हटलं आहे हिला, तिथे एक चांगली डॉक्टरीण होती म्हणून.

लेक: म्हटलं आहे. मला पाठ आहे ते स्टूल. पुढे काय केलंत तुम्ही? प्रॅक्टिस?

मॅडम: नाही. दीड वर्षाने डॉक्टरी सोडली. सिरिंज भरताना हात थांबायचा. प्रत्येक कुपी पाचपाचदा वाचायचे, सगळे हसायचे. मग कायदा शिकले. वाटलं, कायद्यात याचं काहीतरी उत्तर असेल. रुग्णाचा माहितीचा हक्क, यावर प्रबंध लिहिला. लॉ कॉलेजात शिकवलं बारा वर्षं. तिथे कळलं की कायदा फक्त विचारतो, कुणाची चूक आणि शिक्षा काय. सांगायचं कसं आणि ऐकणाऱ्याचं पुढे काय होतं, ते त्याच्या कक्षेत येत नाही. मग मेडिकल कॉलेजने बोलावलं, मुलांना नीतिशास्त्र शिकवा म्हणून. ज्या इमारतीतून पळाले होते, तिथेच खोली मिळाली. दुसऱ्या मजल्यावर. तुमचं ते बाक जिन्याखाली टाकलेलं होतं बरीच वर्षं.

लेक: आणि काय शिकवत होतात?

मॅडम: उपचारात चूक झाली तर सात दिवसांत घरच्यांना सांगायचं. सोप्या भाषेत सांगायचं. ज्याची चूक त्याने समोर बसून सांगायचं. हा नियम झाला ना आता हॉस्पिटलांमध्ये, त्याचा मसुदा मी केलेला आहे.

लेक: सात दिवस.

मॅडम: हो.

लेक: आमच्या वेळेला जरा जास्तच लागले.

टेलरबाई: तू गप्प बस गं. बोलू दे त्यांना. दमल्या आहेत त्या.

लेक: त्या दमल्या आहेत? आई, तू काय केलंस मग इतकी वर्षं, झोपा काढल्यास? म्हणजे मॅडम, पदव्या, पुस्तकं, समित्या, सगळं माझ्या बाबांवर उभं आहे तुमचं.

मॅडम: असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पण आहे खरं. प्रत्येक बढतीला वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, आत्ता सांगितलं तर हा नियम बारगळेल, आधी तो होऊ दे. नियम झाला. मग वाटलं, निवृत्त होऊ दे. कारण सापडत गेलं की माणूस शोधत राहतो.

लेक: मग आताच का? निवृत्त झालात, आता कुणी काही काढून घेऊ शकत नाही, म्हणून?

मॅडम: तेही आहे. नाही म्हटलं तर खोटं होईल.

लेक: केस करता येते?

मॅडम: नाही. मुदत कधीच संपली. माझ्या पुस्तकात प्रकरण आहे त्यावर.

लेक: म्हणजे खात्री करून आलात.

मॅडम: खात्री करायची गरज नव्हती. माहीतच होतं. कुणी माझं काही वाकडं करू शकत नाही हे माहीत असूनही दोन वेळा या खोलीतून तशीच उठून गेले. कोट दाखवून. हसू येतं आता.

टेलरबाई: मला नाही आलं हसू. तुम्ही कोट घालून आरशासमोर उभ्या राहिलात आणि आरशात न बघता माझ्याकडेच बघत होतात. मी हिला म्हटलं, या बाईंना काहीतरी मोठं दुखणं आहे, सांगता येत नसेल.

लेक: पण मी विचारलं त्याचं उत्तर राहिलं. आताच का?

मॅडम: पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी मी एक गोष्ट सांगायचे. एक शिकाऊ डॉक्टर होती, तिने एकदा असं असं केलं, वरिष्ठांनी असं लिहायला लावलं, आता सांगा, तिने काय करायला हवं होतं? मुलं हात वर करून मुद्दे मांडायची, मी फळ्यावर लिहायचे. अठरा वर्षं सांगितली ती गोष्ट. शेवटच्या तासाला, या वर्षी, एक मुलगी वह्या आवरता आवरता म्हणाली, मॅडम, मग त्या बाईंना कुणी सांगितलं? मी म्हटलं, कोणत्या बाईंना? ती म्हणाली, ज्यांचा नवरा गेला त्यांना.

लेक: आणि?

मॅडम: मी म्हटलं, पुढच्या तासाला बोलू. पुढचा तास नव्हताच. तिला ते माहीत नव्हतं.

टेलरबाई: तुमचं लग्न झालं, बाई? मुलंबाळं?

मॅडम: नाही. बहीण आहे. तिला माहीत नाही हे. कुणालाच माहीत नाही. सर वारले पंधरा वर्षांपूर्वी. शोकसभेत मी बोलले होते.

टेलरबाई: काय बोललात?

मॅडम: त्यांनी मला घडवलं, असं.

लेक: आई, दोन वाजत आले. मला निघायला हवं. पण यांचं काय करायचं ते सांग. हाकलून द्यायचं असेल तर मी आहे तोवर देऊ.

टेलरबाई: हाकलायला अंगात त्राण कुठाय? मला वाटायचं, कधी कुणी येऊन सांगितलं की तुझी चूक नव्हती, तर मी ओरडेन, कपाळ बडवून घेईन. काहीच होत नाहीये. नुसतं आडवं व्हावंसं वाटतंय.

मॅडम: मी तुमची क्षमा मागायला आले होते. पण ती मागणंसुद्धा...

टेलरबाई: नका मागू. मी देणार नाही, मग तुम्हाला आणि मलाच कानकोंडं होईल. चुकीच्या सुईचं मी समजू शकते. पोरवय होतं, झोप नव्हती. मी पण झोपेत एकदा स्वतःचं बोट शिवलंय मशीनखाली. ती सही मात्र तुम्ही जागेपणी केलीत.

मॅडम: हो.

टेलरबाई: मला कागद द्या लिहून.

मॅडम: कसला कागद?

टेलरबाई: तुम्ही आता बोललात त्याचा. मी तोंडाने सांगितलं तर दीर म्हणतील, म्हातारपणी गोष्टी रचते. नणंद तर दारात उभी करत नाही. तिच्या मुलाच्या लग्नात मला वाढायला लावलं, पण पाण्याच्या टेबलाजवळ जाऊ दिलं नाही. हसत हसत बाजूला केलं, सगळ्यांना कळेल असं. तिला तो कागद दाखवणार आहे मी. आहे तिचं वय वाचायचं अजून.

लेक: हे घ्या. मापाच्या वहीतलं पान आहे, चालेल ना? पेन आहे?

मॅडम: आहे.

(मॅडम लिहू लागतात.)

लेक: झालं? द्या. "सदर रुग्णास उपचारादरम्यान अनवधानाने चुकीच्या मार्गाने औषध देण्यात आले. परिणामी रुग्णाचा मृत्यू ओढवला. रुग्णाच्या पत्नीने दिलेल्या पाण्याचा सदर मृत्यूशी कोणताही वैद्यकीय संबंध आढळून येत नाही."

टेलरबाई: कुणी दिलं औषध?

मॅडम: म्हणजे?

टेलरबाई: देण्यात आले म्हणजे कुणी दिलं? पाणी मी दिलं, तिथे बरोबर लिहिलंत, पत्नीने दिलेल्या. माझं नाव आलं. औषध काय आपोआप गेलं का आत?

मॅडम: ...सवय आहे हो. सगळं असंच लिहिलं मी आयुष्यभर. नियमसुद्धा.

टेलरबाई: उसवा ते. परत घाला. माझे दीर चौथीपर्यंत शिकलेत, त्यांना एका दमात कळलं पाहिजे.

लेक: पान फाडू का दुसरं?

मॅडम: द्या. पण या वेळी तुम्ही सांगा, मी लिहिते. माझ्या हातातून ते तसंच उतरेल.

टेलरबाई: मी का सांगू? तुमचं आहे, तुम्हीच बोला. बोलत बोलत लिहा.

मॅडम: बरं. "मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होते. बाटलीत मिसळून द्यायचं औषध मी चुकून थेट शिरेत दिलं. त्यामुळे..." त्यामुळे मृत्यू...

टेलरबाई: ते गेले.

मॅडम: "त्यामुळे ते गेले. त्यांच्या बायकोने दिलेल्या पाण्यामुळे नाही."

लेक: पुढे.

मॅडम: एवढ्यात येतं सगळं.

लेक: सगळं नाही येत.

मॅडम: ...हो. "हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तरी मी खोट्या नोंदीखाली सही केली. सदतीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही." खाली सही करते. हुद्दा काय लिहू? निवृत्त प्राध्यापक लिहिलं तर वजन येईल कागदाला.

टेलरबाई: हुद्दा राहू द्या. घरचा पत्ता लिहा. नणंद खात्री करायला येईल, अशी आहे ती.

मॅडम: येऊ देत. मी असते घरी. सकाळपासून घरीच असते आता.

लेक: दाखवा. हं, हे कळतं. आई, मी दुकानात जाताना दोन प्रती काढते याच्या, आणि मूळ कागद तुझ्या कपाटात. आणि मॅडम, तो केसपेपर अजून असेल का कुठे?

मॅडम: इतक्या जुन्या नोंदी नष्ट करतात. पण डॉक्टरी सोडून निघाले तेव्हा त्या पानाची नक्कल काढून ठेवली होती. का, ते मलाही सांगता येणार नाही. उद्या आणून देते.

लेक: उद्या मी सहाला येते. तेव्हा आणा. तो कोट नका आणू.

मॅडम: नाही आणत.

टेलरबाई: जाऊ नका लगेच. एक विचारायचं आहे. घंटा झाल्यावर मी बाहेर आले. त्यानंतर त्यांच्याजवळ फक्त तुम्हीच होतात.

मॅडम: हो.

टेलरबाई: काही म्हणाले का? माझ्याबद्दल? किंवा हिच्याबद्दल, पोटातल्या?

लेक: आई, कशाला?

टेलरबाई: विचारू दे मला.

मॅडम: काहीतरी चांगलं सांगता येईल आत्ता. आणि तुम्हाला ते पटेलही. पण तसं काही नाही म्हणाले. सुई टोचताना माझ्याकडे न बघता वर छताकडे बघत होते. म्हणाले, तेवढा पंखा कमी करा. बस, एवढंच.

टेलरबाई: केलात?

मॅडम: म्हटलं करते. राहून गेलं.

टेलरबाई: गार वाजत असणार. ऐन उन्हाळ्यातही पायांवर चादर लागायची त्यांना. मी उकाड्याने हैराण आणि हे आपले गुरफटून झोपलेले. भांडायचो आम्ही त्यावरून.

लेक: हे तू मला कधी सांगितलंच नाहीस.

टेलरबाई: आठवायचंच नाही गं. पाण्यापाशी येऊन थांबायचं सगळं.